सांगोल्याच्या मुरमाड माळावर घराभोवती कोणती झाडं लावावीत आणि ती जगवायची कशी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे की सांगोल्याजवळ माळावर दहा गुंठ्यात घर बांधलंय, आईवडील तिथे राहतात, गेल्या जूनमध्ये ४० झाडं लावली (गुलमोहर, सप्तपर्णी, रॉयल पाम, उलटा अशोक, पुढे लॉन) आणि या एप्रिलपर्यंत त्यातली ३१ गेली. बोअर दिवसाआड हजार-बाराशे लिटर देतं, वडील रोज संध्याकाळी पाइप धरून उभे राहतात आणि तरी झाडं वाळतायत, तर आता काय लावू आणि कसं जगवू. मी गेली २२ वर्षं सांगोला, आटपाडी, जत, मंगळवेढा या पट्ट्यात घरांची, शाळांची, मंदिरांच्या आवारांची झाडं लावायचं काम करतो, त्यामुळे माझ्या हातून जगलेली आणि मेलेली दोन्ही झाडं बघून सांगतो, पुस्तकातलं नाही.

पहिली गोष्ट, पाणी कमी पडलं म्हणून झाडं गेली असं तुम्हाला वाटतंय, मला नाही वाटत. रोज थोडं थोडं पाणी मिळालं म्हणून गेली. रोज पाच लिटर घातलं की वरची चार-सहा इंच माती भिजते, मुळं पण तिथंच घुटमळतात, त्यांना खाली जायची गरजच पडत नाही, आणि मग मार्च लागला की नेमका तोच थर तव्यासारखा तापतो. दोन दिवस लाइट गेली, मोटर चालली नाही, की पानं करपली. वडिलांची माया खरी आहे, कष्ट पण खरे आहेत, पण त्या रोजच्या पाण्याने झाड दर दिवसाच्या पाण्यावर अवलंबून राहिलं. आपल्याला पहिल्या तीन वर्षांत एवढंच करायचंय की मूळ खाली जाईल असं पाणी द्यायचं, आणि मग हळूहळू पाणी तोडायचं. चौथ्या वर्षी झाड आपलं आपण उभं राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर ते झाड त्या जागेसाठी चुकीचं होतं असं मी धरतो.

हे तपासायला काही मशीन लागत नाही. बांधकामातली आठ एमएमची सळई उरली असेल, दोन-अडीच फुटांचा तुकडा घ्या. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आळ्यात उभी धरून दाबा, फक्त हाताच्या जोराने, हातोडा नको. ओल आहे तिथपर्यंत ती सरसर जाते आणि कोरडं लागलं की अडते. खडा लागला तर खर्र असा आवाज येतो, मग चार बोटं बाजूला सरकून परत दाबायचं. तुमच्या उरलेल्या नऊ झाडांपाशी आज हे करून बघा, माझा अंदाज आहे सळई वीतभर पण जाणार नाही. ती दीड फूट गेली पाहिजे.

आता खड्ड्याबद्दल, कारण अर्धी झाडं तिथंच मरतात. तुम्ही लिहिलंय की जेसीबीने दोन बाय दोनचे खड्डे घेतले आणि तांबडी माती अन् शेणखत भरलं. मुरमात जेसीबीच्या बकेटने खड्ड्याची भिंत घासून गुळगुळीत होते, आत चांगली भुसभुशीत माती आणि बाहेर कडक मुरूम, मूळ भिंतीपर्यंत येतं आणि वळतं. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या आवारातला वाळलेला गुलमोहर मी मुळासकट उपटला होता, तर खाली मुळांचा अगदी गोल गोळा, खड्ड्याच्या मापाचा, एक मूळ बाहेर गेलेलं नाही. जमिनीत लावलेलं झाड चार वर्षं कुंडीत राहिल्यासारखं राहिलं होतं. म्हणून खड्डा घेतल्यावर पहारीने भिंती सगळीकडून फोडून घ्या, खडबडीत करा, आणि तळात पहार मारून आणखी फूटभर भोक पाडा. भरताना खड्ड्यातून निघालेलाच बारीक मुरूम निम्मा, बाकी माती, आणि घमेलंभर चांगलं कुजलेलं शेणखत, बस. अर्धवट कुजलेलं शेणखत अजिबात नको, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, वाळवी येते. अर्धा किलो निंबोळी पेंड टाकली तर उत्तम. खड्डे मेमध्येच घेऊन ठेवा, तापू द्या, पहिल्या वळवाच्या पावसाने आतली माती बसली की वरून परत भर घाला.

लावायचं कधी, यावर माझं मत बऱ्याच लोकांना पटत नाही पण मी त्यावर ठाम आहे. सगळे मृगाला लावतात. कोकणात, मावळात ते बरोबर आहे. आपला भाग पर्जन्यछायेचा, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यात सगळ्यात जास्त पडतो तो सप्टेंबरमध्ये, परतीचा. जूनमध्ये एक-दोन बरे पाऊस होतात, आपण हुरूपाने झाडं लावतो, आणि मग जुलै-ऑगस्ट नुसता वारा. ढग येतात आणि पुढे निघून जातात. ते वाऱ्याचे सहा-सात आठवडे कोवळ्या रोपाला मेच्या उन्हाइतकेच वाईट असतात, पान सतत हलतं, पाणी उडतं, बुंधा सैल होतो. म्हणून मी मघा संपता संपता, पूर्वा-उत्तरा नक्षत्रात, म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लावतो. वर पाऊस असतो, जमीन अजून उबदार असते, पुढे थंडी येते, आणि मार्च यायच्या आत मुळाला सहा महिने मिळतात. जूनमध्येच लावायचं असेल तर लावा, पण पाण्याची सोय करूनच, पावसाच्या भरवशावर नाही.

रोप लहान घ्या. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण दहा फुटी झाड मागतो. आंध्रात गोदावरीकाठी कडियम भागातून मोठी झाडं ट्रकने येतात, दिसायला देखणी, पण ती भरपूर पाण्यावर, दमट हवेत वाढलेली असतात, त्यांना एकदम आपल्या माळावर आणून उभं करायचं म्हणजे दोन वर्षं फक्त जिवंत ठेवण्यात जातात. दीड-दोन फुटांचं वर्षाचं रोप चौथ्या वर्षी त्याच्या बरोबरीला येतं, मी हे शेजारी शेजारी लावून बघितलंय. आणि पिशवी फाडल्यावर घाईने खड्ड्यात ठेवू नका, आधी तळ बघा. मूळ पिशवीच्या तळाशी स्प्रिंगसारखं गोल फिरलेलं असेल तर तो फिरलेला भाग धारदार कात्रीने कापून टाका, भीती वाटते पण कापा. ते तसंच राहिलं तर पाच-सहा वर्षांनी तेच मूळ जाड होऊन खोडाला फास लावतं. मला एकदा एका नर्सरीतून शंभर करंज आले होते, सगळे दोन वर्षं त्याच छोट्या पिशवीत राहिलेले, वरून हिरवेगार, मी न बघता लावले, आणि तिसऱ्या वर्षी वादळात त्यातले कितीतरी बुंध्यातूनच आडवे झाले. तेव्हापासून दर दहा रोपांतलं एक रोप नर्सरीतच पिशवी फाडून बघितल्याशिवाय मी गाडी भरत नाही.

आता काय लावायचं. दहा गुंठ्यात, घर आणि रस्ता सोडून, मोठी झाडं चौदा-पंधरा पुरे. चाळीस नकोत, वीस फुटांच्या आत दोन मोठी झाडं लावली की मोठी झाल्यावर ती एकमेकांचं पाणी खातात.

पश्चिमेला आणि नैऋत्येला कडुनिंब आणि करंज. दुपारी तीननंतरचं ऊन भिंतीवर येतं ना, तेच रात्रभर घर तापवतं, तर ती भिंत सावलीत आणायची, आणि पावसाळ्यातला वारा पण तिकडूनच येतो. घरापासून बारा-पंधरा फूट सोडून. (तुमच्याकडे मुरूम आहे म्हणून एवढं चालतं, काळ्या मातीत पाया असता तर वीस फूट सांगितलं असतं, झाड पाणी ओढतं तशी काळी माती आकसते आणि भिंतीला तडे जातात.) कडुनिंब तर रोप न आणता निंबोळीपासूनच करा, जून-जुलैमध्ये पिकून पडलेली ताजी निंबोळी, गर धुवून, लगेच जागेवर तीन-तीन टोचा, कारण ते बी फार टिकत नाही, महिनाभर ठेवलं की उगवण कमी व्हायला लागते. जागेवर उगवलेल्या झाडाचं सोटमूळ कुणी कापलेलं नसतं, ते सरळ खाली जातं, त्याची सर पिशवीतल्या रोपाला नाही. अलीकडे पावसाळ्याच्या शेवटी कडुनिंबाचे शेंडे तपकिरी होऊन वाळल्यासारखे दिसतात, बुरशीचा रोग आहे, झाड गेलं म्हणून तोडू नका, बहुतेक झाडं उन्हाळ्यात परत फुटतात. करंजाच्या पानांवर गाठी येतात त्याकडे पण लक्ष देऊ नका, फवारणी वगैरे काही नको.

कोपऱ्यात, घरापासून लांब, एक चिंच. सावकाश वाढते पण ती तुमच्या नातवंडांसाठी लावायची. वड-पिंपळ दहा गुंठ्यात नको, गावात मंदिरापाशी जागा असेल तर तिथे जरूर लावा.

फुलांसाठी बहावा, पळस, पांगारा. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहावा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे जेव्हा माळावर बघायला काही नसतं तेव्हा तुमच्या अंगणात केशरी आणि पिवळं. पळसाचं रोप पहिली दोन-तीन वर्षं वर काहीच दिसत नाही, कधी कधी वरचं वाळून जातं आणि खालून परत फुटतं, खाली मूळ मोठं होत असतं, तेव्हा उपटू नका. अंजनाचं पण तसंच, खानदेशाकडे डोंगरावर अंजन बघितला असेल तर कळेल ते झाड काय आहे, पण त्याला सुरवातीला धीर लागतो आणि मुळाला धक्का लागलेला त्याला सोसत नाही, बी मिळालं तर जागेवरच पेरा.

आपटा एक तरी लावा, दसऱ्याला फांद्या ओरबाडून बाजारात येतात त्यापेक्षा अंगणात असलेला बरा. पण नर्सरीत आपटा म्हणून सर्रास कांचन देतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं, कांचनाचं मोठं आणि पातळ. पान हातात घेऊन बघूनच घ्या. शमी पण चांगली, शमीला आपला पाऊस म्हणजे पुष्कळ आहे, ती राजस्थानात याच्या निम्म्यात जगते.

आणि बाभळीला नाक मुरडू नका, ही कळकळीची विनंती. रामकाठी बाभूळ बघितली असेल, सरळ उभी, सुरूसारखी, फांद्या अंगाशी. फाटकापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना लावायला लोक उलटा अशोक आणतात, तिथे रामकाठी लावून बघा. सुगरणीची घरटी लागतात त्यावर. काटे असतात, खरं आहे, खाली झाडावं लागतं. बी धनगराच्या वाड्यातलं मिळालं तर सोनं, शेळ्यांनी शेंगा खाऊन टाकलेलं बी पटकन उगवतं, नाहीतर टरफल कडक असतं, गरम पाण्यात रात्रभर भिजवावं लागतं. फक्त वेडी बाभूळ आणि ही एक समजू नका. वेडी बाभूळ प्लॉटवर असेल तर बुडखा खणून काढा, नुसती तोडली तर दुप्पट फुटते.

खायला बोर, सीताफळ, कवठ, भोकर. डाळिंब तुमच्या तालुक्यात मी सांगायची गरज नाही, पण अंगणात दोन-चारच लावायची तर मर आणि तेल्या बघायची तयारी ठेवा, आजूबाजूला बागा आहेत, रोग येणारच.

कुंपणाला करवंद किंवा मेंदी. तरवड पण घाला मध्ये मध्ये, शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, पिवळी फुलं येतात आणि घटाच्या माळेला उपयोगी पडतात. बोगनवेल परदेशी असली तरी मला मान्य आहे, तिला जास्त पाणी दिलं की नुसती पानं, ताण दिला की फुलं. चाफा पण तसाच, तो कोरड्याने मरत नाही, पाण्याने कुजून मरतो.

काय नको: सप्तपर्णी नको, ते ओलाव्याच्या जंगलातलं झाड, मुरमात त्याच्या पानांच्या कडा करपतातच. रॉयल पाम नको, त्याला विहिरीचं पाणी पाहिजे. गुलमोहर जगेल पण वरवर मुळं आणि ठिसूळ लाकूड, आपल्या वळवाच्या वाऱ्यात फांद्या तुटतात, घराजवळ नको. कोनोकार्पस म्हणून एक कुणीतरी गळ्यात मारेल, झटपट हिरवी भिंत होते म्हणून, गुजरातने २०२३ मध्ये त्याची लागवड बंद केली, तुम्ही पण घेऊ नका.

लॉनबद्दल स्पष्ट सांगतो, काढून टाका. हजार स्क्वेअर फूट लॉनला मेमध्ये रोज पाचशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. तुमचं बोअर दिवसाआड हजार-बाराशे देतं, म्हणजे सगळं बोअर त्या गवतात गेलं. त्याच पाण्यात पंधरा झाडं आरामात जगून उरतं. तिथे मारवेलसारखं आपलं गवत येऊ द्या, पावसाळ्यात हिरवं, दिवाळीनंतर सोनेरी, मग कापून झाडाखाली पसरायचं.

आता पाण्याचं गणित. लावल्यानंतर पहिला महिना पाऊस नसेल तर तीन-चार दिवसांनी २० लिटर. मग थंडीत दहा दिवसांनी २० लिटर. मार्च ते मे दर सहा दिवसांनी ३० लिटर, म्हणजे पंधरा झाडांना साडेचारशे लिटर. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी ५० लिटर. तिसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा १०० लिटर, आणि त्यानंतर बंद. डाळिंबाच्या बागेला ताणावर सोडतात, म्हणजे पाणी मुद्दाम तोडतात, ते तुमच्या शेजाऱ्यांना माहितीच आहे, पण तो ताण बहर धरायला असतो, पानगळ करायला, इथे तसं एकदम तोडायचं नाही, अंतर वाढवत न्यायचं. दुपारी पान मलूल झालं आणि संध्याकाळी परत ताठ झालं तर पाणी देऊ नका, सकाळी सातला पण मलूल असेल तर त्याच दिवशी द्या.

पाणी खोडाशी घालू नका. पहिल्या वर्षी खोडापासून एक फुटावर, दुसऱ्या वर्षी दोन-अडीच फुटांवर, आळं दर वर्षी मोठं करत जायचं. ड्रिप टाकणार असाल तर एक चार लिटरचा ड्रिपर खोडाला चिकटवून देतात, ते नको, आठ लिटरचे दोन ड्रिपर समोरासमोर, दोन तास चालवले की ३२ लिटर झाले. तुमच्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत (बादलीला पांढरा थर बसतो लिहिलंय), त्यामुळे ड्रिपर बंद पडणार, महिन्यातून एकदा प्रत्येकाखाली वाटी धरून बघा. वडील घरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालतात ना, ते थांबवा, आधीच क्षाराचं पाणी आणि त्यातले क्षार आणखी दाट झालेले, पानांच्या कडा जळतायत त्याचं एक कारण ते आहे. त्याने फरशी पुसा. आंघोळीचं पाणी मात्र करंजाला, कडुनिंबाला बिनधास्त सोडा. आणि स्लॅबचं पाणी! हजार स्क्वेअर फुटांच्या स्लॅबवर पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे ४६ हजार लिटर, गळती-बाष्प सोडून पस्तीस हजार धरा, ते आत्ता रस्त्यावर जातंय. टाकी बांधायला खर्च नको असेल तर पाइप खाली आणून झाडांच्या ओळीला लागून दीड फूट खोल चर खणा आणि त्यात सोडा, मुरूम ते पिऊन घेतो.

आच्छादन घालाच. उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, वाळलेलं गवत, काही पण, चार इंच जाड, फक्त खोडाभोवती वीतभर जागा मोकळी, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. खोडाला गेरू-चुना लावतात तो नुसता शोभेचा नाही, कोवळी साल पश्चिमेच्या उन्हात तडकते त्याला उपयोग होतो.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या, शेतकरी केवडा पडला म्हणतात ते, तुमच्या भागात चुनखडीमुळे होणारच. युरिया मारू नका. लोह कमी पडतंय, हिराकस (फेरस सल्फेट) दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम, संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी परत.

आत्ता एप्रिल चालू आहे, आत्ता नवीन काही लावू नका, मेमध्ये खड्डे, निंबोळ्या तेवढ्या जून-जुलैमध्ये, आणि रोपांची लागवड ऑगस्टच्या शेवटी. आणि जी ३१ गेली म्हणताय ती उपटायच्या आधी एक करा. खोड जमिनीपासून वीतभर वर नखाने जरा खरवडा. आत तपकिरी आणि कोरडं असेल तर गेलं. हिरवं, ओलसर दिसलं तर ते जिवंत आहे, गुलमोहर तर या दिवसांत पानं टाकून बसतोच. तशी जी निघतील त्यांना एकदाच ३० लिटर, खोडापासून फूटभर लांब, वर आच्छादन, आणि सहा दिवस पाइप बंद. वडिलांना सांगा सातव्या दिवशी आधी सळई घेऊन जा, पाइप नंतर.